लस येईपर्यंत आणि लस आल्यावर

नाशिकमध्ये कुणाला ताप भरला की तो पहिल्या दिवशी त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयात जात नाही. महापालिकेच्या बिटको किंवा झाकीर हुसेन रुग्णालयाकडेही वळत नाही. तो जातो आपल्या गल्लीतल्या डॉक्टरकडे. सिडकोत हेच, सातपूरच्या कामगार वसाहतीत हेच, पंचवटीत आणि जुन्या नाशकात हेच, मालेगावच्या यंत्रमागाच्या वस्तीतही हेच. डॉक्टर एमबीबीएस आहे, बीएएमएस आहे की बीएचएमएस, हे पाटीवर लिहिलेलं असतं, पण पेशंट ते वाचून आलेला नसतो. या डॉक्टरनं त्याच्या आईची शुगर सांभाळलेली असते, पोराच्या जुलाबाला औषध दिलेलं असतं, पैसे कमी पडले तेव्हा ‘राहू द्या, पुढच्या वेळी द्या’ म्हटलेलं असतं. विश्वास असा वर्षानुवर्षं साठत जातो.

फ्लूची जागतिक साथ पुन्हा येईल तेव्हा तिचा पहिला रुग्ण याच दवाखान्याच्या बाकावर येऊन बसणार आहे. आपली साथीची तयारी मात्र या बाकाला वळसा घालून जाते. खाटा किती, ऑक्सिजनच्या टाक्या किती, व्हेंटिलेटर किती, गोदामात गोळ्या किती, यांचे तक्ते होतात. गल्लीतल्या डॉक्टरला काय कळवायचं, कधी कळवायचं, त्यानं पेशंटला काय सांगायचं आणि त्याला स्वतःला लस कधी द्यायची, याचा तक्ता माझ्या तरी पाहण्यात नाही. माझं म्हणणं असं आहे: फ्लूच्या साथीत लस येईपर्यंत डॉक्टरचा सल्ला हेच मुख्य औषध असतं, आणि लस आल्यावर ती लोकांच्या दंडापर्यंत पोचते तीही त्याच डॉक्टरच्या शब्दानं. म्हणून तयारीचा पहिला पैसा आणि पहिली मेहनत तिथे लागली पाहिजे.

लस येईपर्यंतचा हा काळ वाटतो त्याहून लांबलचक असतो. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत इन्फ्लुएन्झाच्या चार जागतिक साथी झाल्या: १९१८, १९५७, १९६८ आणि २००९. १९१८ ची साथ मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेनं देशभर पसरली; इगतपुरी, नाशिक रोड, मनमाड ही त्याच लोहमार्गावरची स्टेशनं. भारतातल्या मृतांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. विसाव्या शतकात असं एकदाच घडलं. तेव्हा लस नव्हती, कारण रोग कशानं होतो हेच ठाऊक नव्हतं. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये.

२००९ मध्ये मात्र सगळं ठाऊक होतं. एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत नवा एच१एन१ विषाणू सापडला, ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं जागतिक साथ जाहीर केली, ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. तो देशातला पहिला मृत्यू. त्याच महिन्यात नाशिकमध्येही मृत्यू नोंदला गेला. आणि भारतात तयार झालेली लस बाजारात कधी आली? झायडस कॅडिलाची जून २०१० मध्ये, सीरम इन्स्टिट्यूटची नाकात घ्यायची लस जुलै २०१० मध्ये. १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं साथ संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे लस आली तेव्हा साथ जायला निघाली होती. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी परदेशातून मागवलेली लस त्याआधी काही महिने आली, पण पहिली मोठी लाट तोवर येऊन गेली होती.

यात कुणा एकाची दिरंगाई शोधण्यात अर्थ नाही. नवा विषाणू ओळखायचा, त्याच्यापासून लसीसाठी योग्य बीज तयार करायचं, ते कोंबडीच्या अंड्यांत वाढवायचं, निष्क्रिय करायचं, तपासायचं, बाटल्या भरायच्या. या वाटेला चार ते सहा महिने लागतातच. नव्या तंत्रानं हा काळ थोडा आखडेल. तरी पहिली लाट लसीशिवायच काढावी लागणार, हे धरूनच चालायला हवं. ते तीन-चार-सहा महिने आपल्या हातात काय असतं? हात धुणं, मास्क, घरी थांबणं, वेळेवर ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, आणि कुणाला घरी ठेवायचं, कुणाला तातडीनं दाखल करायचं याचा अचूक निर्णय. हा शेवटचा निर्णय दवाखान्यात होतो.

२००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. साधं नाक गळणारी पोरं, धाप लागलेली माणसं, घाबरलेले आईबाप, सगळे एकाच रांगेत तासन्‌तास. ज्याला फ्लू नव्हता त्यालाही त्या रांगेत तो होण्याची सोय झाली. टॅमिफ्लू, म्हणजे ओसेल्टामिविर, सुरुवातीला फक्त सरकारी रुग्णालयांत मिळत होतं. खासगी डॉक्टरच्या हातात ना औषध, ना तपासणी, ना स्पष्ट सूचना. तो काय करणार? ‘नायडूला जा’ म्हणून चिठ्ठी देणार. अशा हजारो चिठ्ठ्यांची मिळून ती रांग झाली होती.

यावरचं उत्तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत नंतर आलं, आणि ते उत्तम होतं. रुग्णांचे तीन गट केले गेले. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असेल तर ‘अ’ गट: तपासणी नको, ओसेल्टामिविर नको, घरी थांबा, दोन दिवसांत डॉक्टरनं पुन्हा विचारपूस करावी. ताप जास्त आणि घसा फार दुखत असेल, किंवा लक्षणं सौम्य असूनही रुग्ण गरोदर असेल, लहान मूल असेल, वृद्ध असेल, मधुमेह, हृदयाचा, फुप्फुसाचा, मूत्रपिंडाचा विकार असेल तर ‘ब’ गट: घरीच, पण ओसेल्टामिविरचा विचार, आणि जोखमीच्या रुग्णाला ते सुरूच करायचं. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं, यातलं काही दिसलं की ‘क’ गट: लगेच दाखल करा. हे तीन गट एका पानावर मावतात. कुठल्याही पॅथीच्या डॉक्टरला ते दहा मिनिटांत समजावून देता येतात. सुधारित स्वरूपात या सूचना आल्या ऑक्टोबर २००९ मध्ये. ऑगस्टमध्ये त्या प्रत्येक दवाखान्याच्या टेबलावर असत्या तर रांगेतली बहुतेक माणसं घरी झोपून बरी झाली असती, आणि धाप लागलेल्यांना तासभर आधी खाट मिळाली असती.

आजही नाशिकच्या किती दवाखान्यांत हा कागद आहे? फ्लू तर दरवर्षी येतो. २०१५ मध्ये राज्यभर स्वाइन फ्लूनं थैमान घातलं, २०१८ च्या पावसाळ्याअखेर नाशिकमध्ये त्यानं बळी घेतले. दरवेळी तेच चित्र दिसतं. ताप आला की अझिथ्रोमायसिन, सोबत एक इंजेक्शन, आग्रह झाला तर सलाईन. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही हे डॉक्टरला माहीत असतं. पण समोरचा म्हणत असतो, ‘डॉक्टर, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय.’ सुई नाही दिली तर तो पलीकडच्या दवाखान्यात जातो, हेही डॉक्टरला माहीत असतं. मग तीन दिवस जातात. ओसेल्टामिविरचा खरा उपयोग लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत होतो. ते ४८ तास असे निघून जातात. चौथ्या दिवशी धाप लागते आणि घरचे रिक्षात घालून मोठ्या रुग्णालयात नेतात. यातल्या डॉक्टरला वाईट म्हणणं सोपं आहे. त्याच्या पाठीशी कुणी उभं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांच्या भिंतीवर महापालिकेचा एकच फलक असेल, ‘फ्लूमध्ये सुई आणि अँटिबायोटिक लागत नाही’, तर तो डॉक्टर भिंतीकडे बोट दाखवू शकेल, आणि पलीकडचा डॉक्टरही तेच बोट दाखवेल.

२०१७ पासून ओसेल्टामिविर विकण्याचे नियम सैल झाले आहेत आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात मिळू शकतं. म्हणजे २००९ ची मोठी अडचण दूर झाली आहे. आता उरतो तो चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताचा प्रश्न: योग्य माणसाला, योग्य वेळी, आणि ज्याला गरज नाही त्याला नाही.

जोखीम कुणाला, हे प्रत्येक साथीत वेगळं असू शकतं. २००९ मध्ये साठीच्या पुढची माणसं तुलनेनं वाचली, कारण त्यांच्या लहानपणी त्या जातीच्या विषाणूशी त्यांची गाठ पडून गेली होती. फटका बसला तरुणांना, गरोदर बायकांना. नेहमीच्या सवयीनं म्हाताऱ्यांकडे लक्ष देणाऱ्या डॉक्टरला हे कुणी वेळेत सांगायला हवं होतं. अशी माहिती साथीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हाती येऊ लागते, बदलत जाते, आणि ती बदलेल तशी दवाखान्यापर्यंत गेली पाहिजे. वर्तमानपत्रात बातमी येणं म्हणजे डॉक्टरला कळवणं नव्हे. दर आठवड्याला एक पान, मराठीत, मालेगावसाठी उर्दूतही. आणि अडला तर विचारायला एक फोन नंबर, ज्यावर कारकुनाऐवजी फिजिशियन उत्तर देईल. एवढ्यासाठी फार पैसा लागत नाही. मुंबई-पुण्याकडे बघायचीही गरज नाही, कारण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात, म्हसरूळला आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, नर्सिंग, सगळी महाविद्यालयं त्याला जोडलेली आहेत. सगळ्या पॅथींच्या डॉक्टरांना एका खोलीत बसवून साथीचा एकच धडा शिकवू शकेल अशी दुसरी संस्था राज्यात नाही. त्या विद्यापीठानं हे काम नाशिकपासून सुरू करावं, असं मला मनापासून वाटतं.

आता लस आल्यानंतरचं.

२००९ मध्ये फ्रान्सनं केलेल्या चुकीपासून शिकण्यासारखं खूप आहे. त्या सरकारनं लसीचे ९ कोटींहून जास्त डोस मागवले, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही जास्त. पैशाची कमतरता नव्हती, लसीची नव्हती. पण लस द्यायची ठरली ती शाळांच्या जिम्नॅशियममध्ये आणि सभागृहांत, सरकारी पत्र घेऊन येणाऱ्याला. फॅमिली डॉक्टरांना सुरुवातीला या मोहिमेतून बाजूलाच ठेवलं. लोक आपल्या डॉक्टरला विचारायला गेले, ‘घेऊ का?’ आणि ज्याला मोहिमेत जागाच दिली नव्हती तो डॉक्टर काय सांगणार होता? शेवटी दहा टक्के लोकांनीही लस घेतली नाही. उरलेल्या डोसांचं काय करायचं, हा प्रश्न सरकारपुढे पडला. लस पुरेशी असूनही मोहीम फसू शकते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला सापडत नाही.

आपल्याकडे कोविडच्या लसीकरणातही गल्लीतला दवाखाना बाहेरच राहिला. लस मिळायची केंद्रांवर आणि रुग्णालयांत, नावनोंदणी मोबाइलवर. शहरात ते निभावलं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर आशाताई आणि नर्सताई दारोदार फिरल्या म्हणून निभावलं. मालेगावात लस घ्यायला लोक बराच काळ पुढे येत नव्हते, आणि राज्यभर त्याची चर्चा झाली. तिथल्या लोकांना अडाणी ठरवून मोकळं होणारे खूप भेटले. पण याच मालेगावातून दरवर्षी लोक हजला जातात, आणि जाण्याआधी मेंदुज्वराची लस घेतात. वयस्क यात्रेकरूंना फ्लूचीही लस दिली जाते. तेव्हा कुणी पळून जात नाही. लस कशासाठी हे त्यांना पटलेलं असतं, सांगणारी माणसं त्यांच्या ओळखीची असतात, आणि वेळ आधीच ठरलेली असते. २०२० च्या एप्रिलमध्ये याच शहरातले अनेक खासगी दवाखाने भीतीनं बंद होते आणि साध्या दुखण्यांनाही माणसं डॉक्टरसाठी वणवण फिरत होती. गरजेच्या वेळी ज्याचं दार बंद मिळालं, त्याच्यावरचा विश्वास लस येईपर्यंत तसाच टिकेल, ही अपेक्षा कशी करायची?

ती दारं बंद का झाली, हेही बघायला हवं. डॉक्टर घाबरले होते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. २००९ मध्ये पुण्यातल्या सुरुवातीच्या मृतांत एक तरुण आयुर्वेदिक डॉक्टर होता. दहा बाय दहाच्या खोलीत दिवसाला साठ-सत्तर खोकणारी माणसं तपासणाऱ्याला एन-९५ मास्क कोण देतं? त्याला संसर्ग झाला तर विमा कुणाचा? तो गेला तर घर कुणी चालवायचं? सरकारी डॉक्टरच्या बाबतीत या प्रश्नांना निदान कागदावर उत्तरं आहेत. खासगी डॉक्टरला परवाना रद्द करण्याची धमकी मिळते, मास्क मिळत नाही. दवाखाना उघडा ठेवावा असं वाटत असेल तर साथीच्या काळात मास्क, ओसेल्टामिविर आणि विम्याचं संरक्षण महापालिकेनं आणि जिल्हा परिषदेनं त्याच्यापर्यंत नेऊन पोचवलं पाहिजे. मोबदल्यात त्यानं रोजच्या तापाच्या रुग्णांचा आकडा कळवायचा आणि ठरलेल्या सूचना पाळायच्या. हा व्यवहार सरळ आहे आणि दोन्हीकडच्या फायद्याचा आहे.

लस आली की ती सर्वांत आधी याच माणसांना द्यावी. डॉक्टर, त्याचा कंपाउंडर, केसपेपर काढणारी मुलगी, शेजारच्या मेडिकलवरचा पोऱ्या, आशाताई, रुग्णवाहिकेचा चालक. पहिलं कारण उघड आहे: ते आजारी पडले तर यंत्रणाच बसते, आणि त्यांच्याकडून रोग नाजूक माणसांपर्यंत जातो. दुसरं कारण मला तितकंच मोलाचं वाटतं. पेशंट डॉक्टरला लसीची टक्केवारी विचारत नाही. तो एकच विचारतो: ‘डॉक्टर, तुम्ही घेतली का? घरच्यांना दिली का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. आज दरवर्षीच्या फ्लूच्या बाबतीत बहुतेक डॉक्टर ‘हो’ म्हणू शकत नाहीत. ज्यांना मी विचारलं त्यांच्यातले कितीतरी जण म्हणाले, ‘आम्हाला रोजच संसर्ग होतो, आम्हाला कशाला?’ हे त्यांनी सोडायला हवं. शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी दरवर्षी मे महिन्यात आपल्या सभासदांना आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांना लस द्यावी, आणि तशी पाटी दवाखान्यात लावावी. पेशंटशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत मी याहून कडक आहे: वैद्यकीय कारण नसताना साथीत लस नाकारणाऱ्याला अतिदक्षता विभागात, नवजात अर्भकांच्या कक्षात किंवा प्रसूतिकक्षात काम देऊ नये. सामान्य माणसावर मात्र सक्ती नको. त्याला पटवावं.

पटवायचं तर खरं सांगावं लागेल. लसीचा प्रचार करणारे इथे कचरतात, आणि तिथेच घात होतो. फ्लूची लस गोवरच्या लसीसारखी भक्कम नाही. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला बसला त्या वर्षी ती डॉक्टरकडे जायला लागेल एवढ्या आजाराची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. मेळ चुकला तर कमी. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, आणि काही महिन्यांत तो ओसरतो, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. टोचायची लस निष्क्रिय विषाणूची असते, तिनं फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता घटते. हे एवढं आधी सांगितलं असेल तर लस घेतलेल्या माणसाला ताप आला तरी तो फसवला गेल्यासारखा चिडत नाही.

आणि दुष्परिणामही सांगावेत. १९७६ मध्ये अमेरिकेनं डुकरांच्या फ्लूच्या भीतीनं ४ कोटींहून जास्त लोकांना घाईनं लस दिली. अपेक्षित साथ आलीच नाही, आणि गुलियन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे साधारण लाखात एक जादा रुग्ण दिसल्यावर डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. २००९ मध्ये युरोपात वापरलेल्या पॅन्डेमरिक्स या लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये काही मुलांना आणि तरुणांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार जडला. हे दडवणाऱ्या सरकारवर पुढच्या वेळी कोण विश्वास ठेवेल? या घटना उजेडात आल्या त्या डॉक्टरांनी रुग्ण नोंदवले म्हणून. लस टोचल्यानंतर पेशंट तक्रार घेऊन येतो तोही गल्लीतल्या दवाखान्यातच. तिथून नोंद वर गेली नाही, तर लाखात एक घडणारी गोष्ट कुणाच्या लक्षात येणार? डॉक्टरला मोहिमेत घेण्याचं हे आणखी एक कारण.

खासगी डॉक्टरांवर एवढा भरवसा टाकायला अनेकांचा विरोध असेल. ते पैसे उकळतील, लस काळ्या बाजारात जाईल, पदवीबाहेरची औषधं लिहितील. या भीतीत तथ्य आहे. मी असे दवाखाने पाहिले आहेत. म्हणून लस सरकारची, मोफत, मोजून दिलेली. प्रत्येक डोसची नोंद. टोचणावळ किती घ्यायची ते ठरवून दारावर लिहिलेलं. आणि चुकला त्याची लस बंद. शीतसाखळी, म्हणजे लस सतत थंड ठेवण्याची सोय, राखता येत नसेल त्या दवाखान्यात लस ठेवू नये, तिथल्या डॉक्टरनं पेशंटला वेळ ठरवून जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात पाठवावं. पण पाठवणारा तोच हवा. काही वाईट दवाखाने आहेत म्हणून सगळेच बाहेर ठेवले, तर लोक जाणं थांबवणार नाहीत. ते जातील, आणि तिथून त्यांना अर्धवट सल्ला मिळेल.

फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. बाजारात ती घ्यायला दीड-दोन हजार रुपये मोजावे लागतात. सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराच्या घरात चार माणसं असतील तर अर्ध्या पगाराची बाब. महाराष्ट्रानं २०१५ पासून गरोदर स्त्रियांना, मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. हे पाऊल मोठं होतं, आणि त्याबद्दल राज्याचं कौतुक व्हायला हवं. पण जिच्यासाठी लस ठेवली आहे ती गरोदर बाई खासगी डॉक्टरकडे नाव घालते, आणि तो डॉक्टर तिला सरकारी दवाखान्यात लस मिळते हे सांगत नाही. कधी त्यालाच ठाऊक नसतं. कामगाराचा प्रश्न वेगळा. डॉक्टरनं ‘पाच दिवस घरी थांबा’ लिहून दिलं तरी कंत्राटदार खाडा लावतो. मग तो ताप घेऊनच पाळीवर जातो. साथ असेल तोवर डॉक्टरच्या चिठ्ठीवर पगारी सुट्टी, असा आदेश निघाल्याशिवाय डॉक्टरचा सल्ला कागदावरच राहणार.

पश्चिम भारतात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. म्हणून लस घ्यायची ती एप्रिल-मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हे निराळं शिकवायला नको. पानावर डावणी हा बुरशीचा रोग दिसल्यावर फवारा मारून काय वाचतं आणि ढग बघून आधी मारला तर काय वाचतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्याच्या बागेत एप्रिलच्या खरडछाटणीला पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात. त्या वेळी, त्या बागेत, गावच्या डॉक्टरसोबत लसीचं पथक गेलं तर जे मजूर एरवी कुठल्याच यादीत सापडत नाहीत ते सापडतील.

नव्या विषाणूची साथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. पण २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, आपल्याच नाशिक विभागात, देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांमध्ये आढळला होता, आणि त्याच एच५एन१ प्रकारचा विषाणू २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गाईंपर्यंत पोचला. आणि नाशिकपुढे एक तारीख आधीच लिहिलेली आहे. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पावसाळ्यात आहेत. देशाच्या कानाकोपऱ्यातून लाखो माणसं रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी येतील. तपोवनात साधुग्राम उभं राहील. तिथले अनेक साधू वयस्क, कुणी मधुमेही, कुणाची छाती चिलमीनं पोखरलेली. नेहमीचा फ्लूसुद्धा या गर्दीत पुरेसं नुकसान करू शकतो, नवा असेल तर बोलायलाच नको. सिंहस्थाच्या आराखड्यात रस्ते आहेत, पूल आहेत, घाट आहेत. त्यात आणखी तीन गोष्टी घालाव्यात. पंचवटी, जुनं नाशिक, नाशिक रोड आणि त्र्यंबक इथल्या प्रत्येक खासगी डॉक्टरची यादी आणि त्याच्या टेबलावर तीन गटांचा कागद. मे २०२७ मध्ये त्या सगळ्यांना, त्यांच्या कर्मचाऱ्यांना, बंदोबस्तावरच्या पोलिसांना, सफाई कामगारांना आणि आखाड्यांतल्या वयस्क साधूंना मोफत फ्लूची लस. आणि रोज संध्याकाळी प्रत्येक दवाखान्यातून तापाच्या रुग्णांचा एक आकडा, महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. हा आकडा सिंहस्थ संपल्यावरही येत राहिला पाहिजे, आणि त्यासाठीची तरतूद या वर्षीच्या अंदाजपत्रकातच व्हायला हवी.